नुसता शेक द्यायला आठवडा कशाला लागतो?

"मॅडम, मशीन तर मोकळं दिसतंय. नुसता शेकच द्यायचाय ना, मग आजच का चालू करत नाही?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो. विचारणारा बहुतेक वेळा मुलगा नाहीतर पुतण्या असतो. जतहून किंवा आटपाडीहून पहाटेच्या एसटीनं आलेला, काखेत सीटीच्या फिल्मची पिशवी. त्याची घाई खरी असते. घरात कॅन्सर निघालाय, बायोप्सीचा रिपोर्ट येऊन पंधरा दिवस उलटलेत, महात्मा फुले योजनेची मंजुरीही आलीय, आणि इथं आम्ही त्याला पुढच्या आठवड्यात या म्हणतो. त्याला वाटतं, आपल्याला ताटकळत ठेवलंय.

त्या आठवड्यात आम्ही काय करतो ते एकदा सविस्तर सांगावं, असं फार दिवस मनात होतं.

सांगली-मिरज भागातल्या एका रुग्णालयाच्या कॅन्सर विभागात मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. किरणोपचाराचा प्लॅन बनवणं हे माझं मुख्य काम. अमेरिकेत वगैरे यासाठी डोसिमेट्रिस्ट नावाचा वेगळा माणूस असतो, आपल्याकडं बहुतेक ठिकाणी ते फिजिसिस्टच करतो. भौतिकशास्त्रात एमएस्सी, मग रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा, मग वर्षभर इंटर्नशिप, असा रस्ता आहे. पेशंटला डॉक्टर भेटतात, टेक्निशियन रोज भेटतात, मी फारशी दिसत नाही. मी आतल्या खोलीत संगणकासमोर असते.

आधी त्या 'शेक' शब्दाचं बघू. आपल्याकडं सगळे शेक किंवा लाईट म्हणतात आणि त्यामुळं चित्रच चुकीचं उभं राहतं. शेक म्हणजे ऊब. कंबर धरली की विटेचा शेक घेतो, तसं काहीतरी. प्रत्यक्षात किरणांनी शरीर तापतच नाही. डोस मोजायचं एकक ग्रे. शरीराच्या १ किलो भागात १ ज्यूल ऊर्जा मुरली की १ ग्रे डोस झाला. नेहमीच्या पद्धतीत रोज २ ग्रे देतात. एवढ्या ऊर्जेनं पाणी तापवायला गेलात तर ते १ अंशाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागानं तापेल. चहाच्या एका घोटात याहून कितीतरी जास्त उष्णता असते. पण हेच ४-५ ग्रे एकदम सगळ्या अंगावर पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. म्हणजे काम उष्णतेचं नाही. हे किरण पेशीच्या आत जाऊन तिचा डीएनए तोडतात. तो तुटला की पेशीला पुढं वाढता येत नाही, ती मरते.

किरणांना मात्र कॅन्सरची पेशी कुठली आणि चांगली कुठली हे कळत नाही. दोन्हींचा डीएनए तुटतो. फरक एवढाच, की चांगली पेशी रात्रीतून डागडुजी करून घेते आणि कॅन्सरच्या पेशीला ती तितकी नीट जमत नाही. म्हणून डोस तुकड्यातुकड्यानं द्यायचा. हे कळलं ते एडक्यांमुळं. पॅरिसमध्ये क्लॉडियस रेगो यांनी मेंढ्यांच्या एडक्यांवर प्रयोग केले होते. एडक्याच्या वृषणावर एकाच वेळी किरण देऊन त्याला निर्बीज करायला गेलं तर वरची कातडी भाजून निघायची. तोच डोस काही दिवसांत विभागून दिला तर काम व्हायचं आणि कातडी टिकायची. वृषणातल्या झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींना त्यांनी कॅन्सरच्या जागी मानलं होतं आणि कातडीला निरोगी भागाच्या. १९२० च्या दशकातली ही गोष्ट. आज माण-खटावचा मेंढपाळ तोंडाच्या कॅन्सरसाठी आमच्याकडं येतो आणि त्याला ३० किंवा ३३ दिवस यायला सांगतो, त्याचं मूळ तिथं आहे.

दुसरी अडचण किरणांच्या स्वभावाची. ते शरीरात शिरतात आणि थेट आरपार जातात, गाठीपाशी थांबत नाहीत. आमच्या लिनॅकचा, म्हणजे किरण सोडणाऱ्या मशीनचा, ६ मेगाव्होल्टचा झोत घ्या. त्याचा सगळ्यात जास्त डोस कातडीखाली दीड सेंटिमीटरवर पडतो, १० सेंटिमीटर खोल जाईपर्यंत तो साधारण दोन तृतीयांश उरतो आणि उरलेला पलीकडून बाहेर पडतो. गाठ खोल असेल तर एकाच बाजूनं मारल्यावर गाठीपेक्षा वरच्या चांगल्या भागालाच जास्त मार बसणार. यावर तोड म्हणजे झोत अनेक बाजूंनी आणायचा. प्रत्येक वाटेवर थोडा थोडा डोस सांडेल, पण सगळ्या वाटा जिथं एकमेकींना छेदतात तिथं, म्हणजे गाठीवर, तो साठेल. आता तर मशीन पेशंटभोवती गोल फिरता फिरताच किरण सोडतं. त्याच्या तोंडाशी टंगस्टनची पातळ पाती असतात, आमच्याकडं १२०, मधली प्रत्येकी ५ मिलिमीटर रुंदीची. फिरताना ती आतबाहेर सरकत राहतात आणि झोताला क्षणोक्षणी वेगळा आकार देतात.

कुठल्या कोनात कुठलं पातं किती सरकायचं आणि तेव्हा किती किरण सोडायचे, हे सगळं आधी ठरवावं लागतं. प्लॅन म्हणतात तो हाच. एका प्लॅनमध्ये असे शेकडो ठिकाणचे आकडे असतात.

सुरुवात मात्र संगणकावर होत नाही, गरम पाण्याच्या टबापासून होते. तोंडाच्या किंवा घशाच्या पेशंटचा आधी मास्क बनवतात. जाळीदार प्लॅस्टिकची पांढरी शीट असते, ती साधारण ७० अंशांच्या पाण्यात टाकली की मऊ पडते आणि काचेसारखी पारदर्शक होते. मग दोन टेक्निशियन दोन्हीकडून धरून ती पेशंटच्या चेहऱ्यावर ओढून बसवतात. नाक, हनुवटी, कपाळ बोटांनी दाबून घेतात. पाचेक मिनिटांत ती परत पांढरी आणि कडक होते. त्या पाच मिनिटांत माणूस घाबरतो. गेल्या महिन्यात कवठेमहांकाळकडच्या एक आजी होत्या, मिशरीनं गालाचा कॅन्सर झालेल्या. शीट चेहऱ्याला लागली तशी त्यांनी टेक्निशियनचा हात घट्ट पकडला. तो म्हणाला, "आजी, श्वास चालू ठेवा, जाळीला भोकं हायत. अंगात आल्यावानी थरथरू नका, मी हितंच हाय." मास्क कडक होईपर्यंत त्यानं हात सोडवून घेतला नाही, दुसऱ्या हातानं काम केलं. ही गोष्ट कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये लिहिलेली नाही, पण आजींनी मान हलवली असती तर पुढचा सगळा हिशेब हलला असता.

मास्क का? कारण पुढचे ३० दिवस त्यांनी रोज त्याच स्थितीत, मिलिमीटरच्या हिशेबात, झोपायला हवं. मास्क घालूनच सीटी स्कॅन होतो, ३ मिलिमीटरच्या अंतरानं काप घेतलेला. हा स्कॅन म्हणजे माझ्यासाठी पेशंट. यापुढं आठवडाभर आजी घरी असतात आणि त्यांची ही चित्रं माझ्यासमोर.

मग डॉक्टर प्रत्येक कापावर रेषा काढायला बसतात. गाठ कुठंय, किंवा ऑपरेशन झालं असेल तर ती कुठं होती. तिच्याभोवती डोळ्यांना न दिसणारा कॅन्सर कुठवर पसरलेला असू शकतो. त्याच्याही बाहेर ३ ते ५ मिलिमीटरची मोकळीक, कारण कितीही बांधून ठेवलं तरी माणूस रोज थोडा हलणारच. नंतर वाचवायचे अवयव: मज्जारज्जू, मेंदूचा देठ, दोन्ही लाळग्रंथी, जबडा, डोळे, स्वरयंत्र. शंभर-सव्वाशे कापांवर हे सगळं काढायचं. कुठं दातातल्या चांदीमुळं चित्रावर पांढरे पट्टे उमटलेले असतात, तिथं अंदाज घेत जावं लागतं. अनुभवी डॉक्टरांनाही यात काही तास जातात आणि त्यांची ओपीडी चालूच असते. आठवड्यातले दोनेक दिवस इथं जातात.

त्यानंतर फाइल माझ्याकडं येते.

माझ्या पडद्यावर डोस रंगीत रेषांनी दिसतो. सांगलीकरांना हे समजावायला मला वेळ लागत नाही, कारण आपल्याला पूररेषा पाठ आहेत. निळी रेषा कुठून जाते, लाल रेषा कुठून, कुणाचं घर कुठल्या रेषेत येतं. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा प्रत्येक फुटाची रेषा कुठल्या गल्लीत शिरली ते आपण पाहिलंय. माझं काम तसंच, फक्त इथं पाणी मीच सोडायचं असतं. ठरलेल्या डोसच्या ९५ टक्क्यांच्या रेषेनं गाठीचा सगळा भाग पूर्ण भिजायला हवा, एक कोपरासुद्धा कोरडा राहून चालत नाही, कारण कॅन्सर परत येतो तो तिथूनच. आणि शेजारी, कधी कधी एका सेंटिमीटरवर, मज्जारज्जू असतो. त्याच्या दारात ती रेषा जाता कामा नये.

मी मशीनला थेट सांगत नाही की हे पातं असं सरकव. मी मागण्या मांडते. गाठीला ६० ग्रे हवेत. मज्जारज्जूच्या कुठल्याही ठिपक्याला ४५ च्या वर नको. लाळग्रंथीची सरासरी २६ च्या खाली हवी. कुठली मागणी किती महत्त्वाची तेही सांगते. संगणक हजारो वेळा उलटसुलट करून त्यातल्या त्यात जमेल असा तोडगा काढतो. मी तो बघते, एक मागणी सैल करते, दुसरी आवळते, परत चालवते. लाळग्रंथीचं भलं करायला जावं तर गाठीचा कोपरा कोरडा पडतो, तो भिजवावा तर जबड्यावर डोस चढतो. साधा प्लॅन दोन-तीन तासांत होतो. अवघड प्लॅनला मी दोन दिवस घालवलेत.

मज्जारज्जूसाठी 'कुठलाही ठिपका' आणि लाळग्रंथीसाठी 'सरासरी' असं का, हे सांगायला हवं, कारण सगळ्या प्लॅनिंगचं मर्म त्यात आहे असं मला वाटतं. मज्जारज्जू म्हैसाळ योजनेसारखा. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलत जतपर्यंत न्यायचं. मधला एक टप्पा बंद पडला की पुढच्या सगळ्यांचं पाणी बंद, बाकीचे पंप कितीही धडधाकट असोत. मज्जारज्जू एका जागी जळाला की त्याखालचं अंग लुळं पडू शकतं. लाळग्रंथी उसाच्या फडासारखी. चार सऱ्या वाळल्या तरी बाकीच्या उसातून साखर निघते, फडाचं एकूण किती नुकसान झालं त्यावर हिशेब. म्हणून तिथं सरासरी चालते. पण सरासरीवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, हे सातारा जिल्ह्यात तरी कुणाला सांगायला नको. महाबळेश्वरचा आणि म्हसवडचा पाऊस एकत्र करून काढलेली सरासरी म्हसवडच्या शेतकऱ्याच्या काय कामाची?

सुरुवातीच्या वर्षांत मी यात एकदा चुकले होते. जबड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेला पेशंट, ६० ग्रेचा प्लॅन. माझे सगळे आकडे मर्यादेत होते. मज्जारज्जू ४२, लाळग्रंथी २४, जबडा ७० च्या आत. मी खुशीत प्लॅन मंजुरीला नेला. डॉक्टर मॅडमनी आकड्यांचा तक्ता बाजूला सारला आणि एकेक काप खाली सरकवत बघत गेल्या. एका कापावर थांबल्या. जबड्याच्या हाडात एक छोटा लाल ठिपका होता, ६६ ग्रेचा. "इथली दाढ तीन आठवड्यांपूर्वी काढलीय त्याची. फाइल वाचलीस का?" मी वाचली नव्हती. भरत असलेल्या त्या खाचेत असा जादा डोस गेला तर वर्ष-दोन वर्षांनी हाड उघडं पडण्याचा धोका वाढतो, आणि तो त्रास कधी कधी कॅन्सरपेक्षा जास्त रडवतो. आकड्यांच्या हिशेबात माझा प्लॅन पास होता. मी तो रात्री बसून परत केला. तेव्हापासून फाइल पहिल्या पानापासून वाचल्याशिवाय मी पडदा उघडत नाही. दंतवैद्याची चिठ्ठी तर आधी बघते.

मंजुरी मिळाली तरी लगेच पेशंट नाही. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की तोच प्लॅन आम्ही आधी डिटेक्टर बसवलेल्या यंत्रावर चालवून बघतो. मशीननं प्रत्यक्षात सोडलेला डोस आणि संगणकानं वर्तवलेला डोस ताडून पाहायचा. फरक ३ टक्के किंवा जागेत २ मिलिमीटर, एवढ्याच्या आत किमान ९५ टक्के बिंदू बसायला हवेत. नाही बसले तर कारण शोधायचं, प्लॅन बदलायचा. शिवाय दुसऱ्या स्वतंत्र हिशेबानं पडताळणी. सकाळी पेशंट यायच्या आधीही मशीनचा डोस मोजायचा, रोज. लोकांना ही अतिकाळजी वाटेल. पण १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात थेराक-२५ नावाच्या मशीनच्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीनं सहा जणांना भयंकर जास्त डोस गेला, त्यातले काही त्यानंच दगावले. किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, आवाज नाही. चूक झाली तर त्या क्षणी कळायला मोजण्याशिवाय दुसरा मार्गच नसतो.

हा झाला तोंडाच्या कॅन्सरचा हिशेब. डाव्या स्तनाचा असेल तर मागं हृदय असतं. तिथं पेशंटला दीर्घ श्वास घेऊन वीसेक सेकंद धरायला शिकवतो. छाती फुगली की हृदय मागं सरकतं आणि झोत फक्त श्वास धरलेला असतानाच चालू होतो. नदीत पोहलेल्या बायकांना हे एका दमात जमतं, बाकीच्यांना दोन दिवस सराव लागतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये पाणी पिऊन लघवी धरून ठेवायला सांगतो, भरलेलं मूत्राशय आतड्यांना वर ढकलतं म्हणून. तसं धरून बसणं छळ वाटतं, पण पुढचे जुलाब त्यानं कमी होतात.

इतकं सगळं झाल्यावर पेशंट मशीनखाली येतो. मास्क लावतात, मशीनच एक स्कॅन घेऊन प्लॅनच्या स्कॅनशी जुळवतं, टेबल दोन-तीन मिलिमीटर इकडंतिकडं सरकतं आणि दोन-तीन मिनिटांत काम संपतं. दुखत नाही. मशीन बंद झालं की किरण संपले, अंगात काही उरत नाही. घरी जाऊन नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ताट-वाटी वेगळी केलेली माणसं मी पाहिलीत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आता नातेवाइकांना माझी एक विनंती, आणि ती मी हात जोडून करते. सुरू होण्याआधीच्या आठवड्याची जेवढी घाई करता, तेवढीच काळजी सुरू झाल्यावरच्या दिवसांची घ्या. तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं, गिळवत नाही, वजन उतरतं. त्याच वेळी ऊसतोड येते, गावची यात्रा येते, आणि 'चार दिवस विश्रांती घेऊन येतो' म्हणून पेशंट निघून जातो. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार जितके दिवस लांबतात, त्यातल्या दर दिवसामागं आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण १ टक्क्यानं घटते. शेवटच्या आठवड्यांत उरलेल्या कॅन्सरच्या पेशी उलट जोमानं वाढायला लागतात, म्हणून. मशीन आमच्याकडूनही कधी बंद पडतं. तेव्हा आम्ही शनिवारी बोलावतो किंवा दिवसातून दोनदा, मध्ये किमान ६ तास सोडून देतो. पेशंटनं सांगितलं तर त्याचाही खाडा असा भरून काढता येतो. न सांगता गेलेल्याचा काढता येत नाही. तिखट बंद करा, ताकभात, नाचणीची आंबील, अंडं, जे जाईल ते पोटात घाला. वजन पाच-सहा किलोनं उतरलं की मास्क ढिला होतो, आत चेहरा हलायला लागतो, आणि मग नवा मास्क, नवा स्कॅन, नवा प्लॅन. मास्क सैल लागतोय असं वाटलं तर त्याच दिवशी टेक्निशियनला सांगा.

आणि आधी कुठं किरण घेतले असतील तर ते कागद आणा. मज्जारज्जूला मिळालेला डोस पूर्ण पुसला जात नाही. पंधरा वर्षांनीही तो हिशेबात धरावा लागतो.

विट्याकडचे एक काका आले होते. गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा, सगळी हयात उत्तरेत गेलेली. चार वर्षांपूर्वी तिकडंच घशाला लाईट घेतलेली, आता मानेत नवी गाठ. किती डोस, कुठं, किती दिवस, काहीच माहीत नाही. "सव्वा महिना जात हुतो बघा," एवढंच. फाइल दुकानाच्या माळ्यावर, दोन हजार किलोमीटर लांब. प्लॅन चार दिवस अडून राहिला. पाचव्या दिवशी पुतण्यानं तिकडं माळा उपसून काढला आणि माझ्या मोबाइलवर एका पिवळ्या पडलेल्या कागदाचा फोटो आला. घडीवर अक्षरं फाटलेली, पण वाचता येत होती. ६० ग्रे, ३० फ्रॅक्शन म्हणजे ३० तुकड्यांत, मज्जारज्जू ४० च्या आत. मी तो आकडा डॉक्टरांना दाखवला, उरलेल्या वाटेचा हिशेब मांडला आणि दुपारी काकांचा सीटी उघडला.